औषधाचं भांडण, शिक्षा कागदाला

१९८८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ब्राझीलहून येणाऱ्या काही मालावर १०० टक्के आयात शुल्क लावलं. त्यात कागदाच्या वस्तू होत्या, काही इलेक्ट्रॉनिक उपकरणं होती, थोडी औषधंही होती. सगळ्याची किंमत मिळून सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर. ब्राझीलच्या कागदात काही खोट नव्हती. तो भाव पाडून अमेरिकेत ओतला जातो, अशीही कुणाची तक्रार नव्हती. ब्राझीलचा दोष एवढाच, की तिथल्या कायद्यात औषधांना पेटंट मिळत नव्हतं.

भांडण औषधाचं आणि भुर्दंड कागदवाल्याला, हे काय गणित आहे? ते कळलं की औषधांची पेटंटं आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांच्यातली बरीच गुंतागुंत आपोआप सुटते. त्यासाठी आधी पेटंट म्हणजे काय ते नीट बघावं लागेल, कारण त्याबद्दल दोन गैरसमज फार पक्के आहेत.

पहिला गैरसमज असा, की पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना. तसं नाही. पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. औषध विकायला परवानगी देतं ते औषध नियामक खातं, आणि पेटंटशी त्याचा संबंध नसतो. शोध लावणाऱ्यानं आपला शोध कागदावर उघड करायचा आणि बदल्यात सरकारनं त्याला ठरावीक काळ म्हणायचं, की तुझ्या परवानगीशिवाय दुसरा कुणी हे बनवणार नाही. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा. म्हणजे पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातला सौदा आहे. सौदा म्हटला की अटी आल्या, आणि या लेखातली सगळी भांडणं अटी कोण ठरवणार यावरची आहेत.

दुसरा गैरसमज ‘जागतिक पेटंट’ हा. अशी वस्तू अस्तित्वातच नाही. पेटंट त्या त्या देशाचं असतं. एकाच गोळीला एका देशात पेटंट असतं, शेजारच्या देशात नसतं, आणि तिसऱ्या देशात अर्ज फेटाळलेला असतो. तिघांपैकी कुणी चुकलेलं असतंच असं नाही.

औषधांच्या बाबतीत आणखी एक बारीक फरक आहे, आणि तो या विषयाचा कणा आहे. पेटंट प्रक्रियेला द्यायचं की पदार्थाला? गडावर जाणारी एक वाट कुणाच्या नावावर करणं वेगळं, आणि अख्खा गडच त्याच्या नावावर करणं वेगळं. प्रक्रियेला पेटंट दिलं, तर दुसरा रसायनशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेनं तोच रेणू तयार करू शकतो. पदार्थाला दिलं, तर कुठल्याही वाटेनं आलात तरी दरवाजा बंद.

श्रीमंत देशांनी आधीपासून पदार्थालाच पेटंट दिलं आणि गरीब देश चोरी करत राहिले, असं चित्र अनेकदा रंगवलं जातं. इतिहास तसा नाही. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थांना पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. पश्चिम जर्मनीत हे बदललं १९६८ मध्ये. जपानमध्ये १९७६, इटलीत १९७८, स्पेनमध्ये तर १९९२. औषध कंपन्यांचं माहेरघर असलेल्या स्वित्झर्लंडनंही १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत वाट पाहिली. नेदरलँड्सनं तर १८६९ मध्ये पेटंट कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्यावाचून कारभार हाकला. थोडक्यात, आपला उद्योग बाळसं धरेपर्यंत दार उघडं ठेवायचं आणि मग कुलूप घालायचं, हा बहुतेकांचा रिवाज होता. भारतानं १९७० च्या कायद्यात औषधांसाठी पदार्थाचं पेटंट काढून टाकलं आणि प्रक्रियेच्या पेटंटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांवर आणली, तेव्हा तोही त्याच रांगेत उभा राहिला होता. फरक इतकाच, की त्याची पाळी आली तेव्हा रांगेचे नियम बदलायला घेतले होते.

नाक दाबायची जागा

औषध कंपन्यांची बाजू पोकळ आहे असं मला वाटत नाही. नवा रेणू शोधायला आणि माणसांवरच्या चाचण्यांतून तो सुखरूप बाहेर काढायला वर्षानुवर्षं लागतात. बहुतेक रेणू मध्येच गळतात, त्यांचाही खर्च यशस्वी गोळीवरच चढतो. आणि एकदा गोळी बाजारात आली की तिची नक्कल करणं तुलनेनं सोपं असतं. विमानाच्या इंजिनाचा आराखडा हाती आला म्हणून कुणी उद्या इंजिन बनवू शकत नाही. रेणूची रचना कळली तर हुशार रसायनशास्त्रज्ञ बनवू शकतो. म्हणून पेटंटवर इतर कुठल्याही धंद्याचा जीव अडकलेला नसेल इतका औषधांच्या धंद्याचा अडकलेला असतो.

प्रश्न हा होता, की दुसऱ्या देशाला त्याचा कायदा बदलायला लावायचा कसा. पेटंटबाबतचा पॅरिस करार १८८३ पासून होता, पण त्यात प्रत्येक देशाला आपल्या मर्जीनं वागायची भरपूर मोकळीक होती आणि करार मोडला तर शिक्षा जवळपास नव्हतीच. बौद्धिक संपदेची, म्हणजे पेटंट, कॉपीराइट अशा हक्कांची, संयुक्त राष्ट्रांची संस्था होती, पण तिथे विकसनशील देशांची मतं जास्त. तेव्हा १९८० च्या दशकात काही अमेरिकन कंपन्यांनी, आणि त्यात फायझरचे तेव्हाचे प्रमुख एडमंड प्रॅट आघाडीवर होते, आपल्या सरकारला पटवलं, की हा विषय कायद्याच्या मंडपातून उचलून व्यापाराच्या मंडपात न्यावा. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि देशांचं नाक असतं निर्यातीत.

१९८८ मध्ये अमेरिकेनं आपल्या व्यापार कायद्यात ‘स्पेशल ३०१’ नावाची तरतूद घातली. तिच्यानुसार अमेरिकेचं व्यापार खातं दर वर्षी जगभरच्या देशांचे बौद्धिक संपदेचे कायदे तपासतं आणि नापासांची यादी काढतं. जास्त नावडत्यांसाठी वेगळी, वरची यादी असते; भारताचं नाव तिथे अनेक वर्षं मुक्कामाला आहे. यादीत नाव आलं म्हणून लगेच काही होत नाही. पण होऊ शकतं, हे कळवलेलं असतं. १९९२ मध्ये औषध पेटंटच्या कारणावरूनच अमेरिकेनं भारताच्या सुमारे ६ कोटी डॉलरच्या निर्यातीची शुल्कमाफी काढून घेतली.

दुसरीकडे १९८६ मध्ये उरुग्वेत सुरू झालेल्या व्यापार वाटाघाटी चालूच होत्या. त्यातून १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली आणि तिच्या पोटात बौद्धिक संपदेचा करार आला, तो ट्रिप्स. सगळे करार एकत्र बांधलेले. घ्यायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही. विकसनशील देशांना हवी होती श्रीमंत देशांची कापडाची आणि शेतमालाची बाजारपेठ. ती हवी, तर पेटंट घ्या.

आता ब्राझीलचा कागद आठवा. १९८८ मध्ये अमेरिकेनं जे एकटीच्या जोरावर केलं, त्याला आता नियमांची चौकट मिळाली. पेटंटचा नियम मोडल्याचं व्यापार संघटनेच्या लवादानं ठरवलं आणि दोषी देश सुधारला नाही, तर जिंकलेला देश परवानगी घेऊन त्याच्या कापडावर, चामड्यावर, लागेल त्या मालावर शुल्क वाढवू शकतो. औषधाच्या कायद्याची किंमत शर्ट शिवणाऱ्यानं मोजायची, ही आता शिस्तीत बसलेली गोष्ट झाली.

करारात नक्की काय आहे, आणि काय नाही

ट्रिप्सनं मोठ्या गोष्टी ठोकून बसवल्या. तंत्रज्ञानाच्या सगळ्या क्षेत्रांत पेटंट द्यायचं, पदार्थालाही आणि प्रक्रियेलाही. मुदत अर्ज केल्यापासून किमान २० वर्षं. विकसनशील देशांना औषधांच्या पदार्थ-पेटंटसाठी २००५ पर्यंत सवड होती. अतिगरीब देशांची सवड वाढत वाढत औषधांपुरती २०३३ पर्यंत आली आहे. भारतानं सवडीचा पुरा वापर केला, पण त्या काळात आलेले अर्ज नीट जपून ठेवण्याची कायदेशीर सोय वेळेत केली नाही. अमेरिका व्यापार संघटनेत गेली आणि १९९७ मध्ये भारत ते प्रकरण हरला. मग १ जानेवारी २००५ पासून भारतातही औषध म्हणून वापरायच्या पदार्थाला पेटंट मिळू लागलं.

पण या करारातली गंमत त्यात न लिहिलेल्या शब्दांत आहे. पेटंट ‘नव्या’ गोष्टीला द्यायचं, तिच्यात ‘शोधाची पायरी’ हवी, हे करार सांगतो. नवं कशाला म्हणायचं, हे सांगत नाही. ती व्याख्या प्रत्येक देशानं करायची. या फटीतून भारतानं आपल्या कायद्याचं कलम ३(ड) बसवलं. ते सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, म्हणजे त्याचा नवा क्षार, नवा स्फटिक वगैरे, हा शोध नव्हे. त्यानं गुण लक्षणीयरीत्या जास्त येत असला तरच पेटंट.

याची गरज का पडते? औषधाचं मूळ पेटंट संपत आलं की त्याच रेणूच्या एखाद्या क्षाराला, मग गोळीवरच्या आवरणाला, मग मात्रेला अशी एकेक पेटंटं घेत मक्तेदारी लांबवायची, ही जुनी खेळी आहे. इंग्रजीत तिला सदाहरित करणं म्हणतात. पानगळ येऊच द्यायची नाही.

३(ड)ची खरी परीक्षा झाली ती रक्ताच्या एका कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या खटल्यात. मूळ रेणूचं पेटंट इतर देशांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्या वेळी भारतात पदार्थाला पेटंटच मिळत नसे. नोव्हार्टिस या औषध कंपनीनं भारतात अर्ज केला तो त्याच्या एका क्षाराच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी. २००६ मध्ये तो फेटाळला गेला. कंपनीनं मद्रास उच्च न्यायालयात असंही म्हणून पाहिलं, की ३(ड) हे कलमच ट्रिप्सच्या विरोधात आहे. न्यायालयानं सांगितलं, की तो वाद इथला नाही. शेवटी १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. नवं रूप शरीरात जास्त शोषलं जातं म्हणता, ठीक. पण त्यानं रोग जास्त बरा होतो का? औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे उपचाराचा गुण. तो दाखवलेला नाही, म्हणून पेटंट नाही.

यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग निकालानंतरचा आहे. कलम ट्रिप्सच्या विरोधात आहे अशी खात्री असेल, तर त्याची जागा व्यापार संघटनेत. तिथे ते नेऊ शकतं फक्त सरकार, आणि आजवर एकाही सरकारनं ते नेलेलं नाही. अमेरिकेच्या वार्षिक अहवालात मात्र त्याबद्दलची तक्रार छापून येत राहते. खटला हरण्याची भीती असते तिथे यादी कामाला येते.

झाकली मूठ

पेटंट दिल्यानंतरही सरकारच्या हाती एक हत्यार उरतं, ते म्हणजे सक्तीचा परवाना. पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्या उत्पादकाला ते औषध बनवायची मुभा द्यायची, आणि पेटंटधारकाला रास्त रॉयल्टी द्यायची. पेटंट रद्द होत नाही, फक्त मक्तेदारीला भोक पडतं. आधी पेटंटधारकाकडे रीतसर परवाना मागून पाहावा लागतो. साथ, आणीबाणी किंवा सरकारचा बिगरव्यापारी वापर असेल तर ती पायरीही गाळता येते. ‘हे फक्त आणीबाणीतच करता येतं’ असं वर्तमानपत्रांतही वाचायला मिळतं, पण ते खरं नाही. कारणं कुठली, हे देश ठरवतो.

कागदावर इतकं सोपं असलेलं हत्यार बाहेर काढायला देश कचरतात, त्याचं कारण पुन्हा कागदवाला. १९९७ मध्ये नेल्सन मंडेला अध्यक्ष असताना दक्षिण आफ्रिकेनं स्वस्त औषधं आणण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला. एचआयव्हीनं देश पोखरला होता, आणि तीन औषधांच्या उपचाराला श्रीमंत देशांत माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागत होते. १९९८ मध्ये औषध कंपन्या त्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या. अखेरपर्यंत त्यांची संख्या ३९ झाली. अमेरिकेनं दक्षिण आफ्रिकेचं नाव आपल्या यादीत घातलं. मग फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी जाहीर केलं, की हाच तीन औषधांचा उपचार आम्ही ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ. गोळी बनवायला किती लागतात आणि मक्तेदारीसाठी किती, हे त्या एका आकड्यानं जगासमोर उघडं पाडलं. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक विचित्र योग आला. अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, माणसं मेली, आणि बायरच्या सिप्रो या प्रतिजैविकाचा साठा करायची वेळ आली. किंमत उतरवली नाही तर आम्ही दुसऱ्यांकडून बनवून घेऊ, असा इशारा अमेरिकेच्या आरोग्य मंत्र्यांनी दिला. बायरनं भाव जवळपास निम्म्यावर, गोळीला सुमारे ९५ सेंटवर आणला. लाखो एचआयव्हीग्रस्तांच्या देशानं जे करू नये म्हणून अमेरिकेनं दम दिला होता, ते स्वतःच्या दारात मूठभर रुग्ण दिसताच तिच्याच तोंडावर आलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणायला तेव्हा विकसनशील देशांना व्यापार संघटनेची बैठकही लगेच मिळाली. १४ नोव्हेंबर २००१ ला दोहामध्ये सगळ्या सदस्य देशांनी जाहीर केलं, की ट्रिप्सचा अर्थ सार्वजनिक आरोग्याला पोषक असाच लावला जावा आणि सक्तीचा परवाना कुठल्या कारणांनी द्यायचा हे ठरवायला प्रत्येक देश मोकळा आहे.

तरी ग्यानबाची मेख होतीच. ट्रिप्सच्या एका पोटकलमानुसार सक्तीच्या परवान्यावर बनवलेला माल मुख्यतः देशातल्या बाजारासाठी हवा. मग ज्या देशात औषध कारखानाच नाही, त्यानं परवाना काढून करायचं काय? दोहानं हा प्रश्न मान्य केला, २००३ मध्ये त्यावर तोडगा निघाला आणि २०१७ मध्ये तो करारात कायमचा घातला गेला. तोडगा असा, की गरजू देशानं व्यापार संघटनेला कळवायचं, बनवणाऱ्या देशानं वेगळा परवाना काढायचा, तेवढ्याच गोळ्या बनवायच्या, त्यांचा रंग किंवा वेष्टन वेगळं ठेवायचं, आणि सगळं जाहीर करायचं. प्रत्यक्षात हा मार्ग वापरून एकदाच औषध गेलं: कॅनडातून रवांडाला, एचआयव्हीवरचं. रवांडानं जुलै २००७ मध्ये कळवलं, आणि पहिली खेप निघाली सप्टेंबर २००८ मध्ये. बनवणाऱ्या कंपनीनं पुन्हा या वाटेला जायची इच्छा दाखवली नाही. नियम करणाऱ्यांनी दार उघडलं खरं, पण उंबरठा छातीएवढा ठेवला.

देशांतर्गत परवान्याचं मात्र काही ठिकाणी चांगलं जमलं. मे २००७ मध्ये ब्राझीलनं एचआयव्हीवरच्या एफाविरेन्झसाठी तो काढला. मर्कची गोळी १.५९ डॉलरला होती, भारतातून ती ४५ सेंटला आली. थायलंडनं २००६-०७ मध्ये एचआयव्हीची दोन आणि हृदयविकाराचं एक अशा तीन औषधांना परवाने काढले, तेव्हा त्यांतल्या एका औषधाच्या मालक कंपनीनं, अॅबटनं, थायलंडमधले नव्या औषधांचे नोंदणी अर्जच मागे घेतले, आणि अमेरिकेनं थायलंडला वरच्या यादीत ढकललं. दोहाचा जाहीरनामा पाच वर्षांहून जुना होता तेव्हाची ही गोष्ट. कायद्यानं हक्क आहे म्हणून तो वापरला, आणि तरी शिक्षा मिळाली. म्हणून पुष्कळ देश हे हत्यार म्यानातच ठेवून घासाघीस करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ब्राझीलनं २००७ आधी कित्येकदा नुसत्या इशाऱ्यावर भाव पाडून घेतले होते.

भारतानं मूठ उघडली ती एकदाच. ९ मार्च २०१२ ला यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला. पेटंट बायरचं, महिन्याच्या औषधाची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. नॅटकोनं ते ८,८८० रुपयांना द्यायचं आणि ६ टक्के रॉयल्टी भरायची, जी पुढे ७ टक्के झाली. बायर वरच्या पायऱ्या चढत गेली आणि प्रत्येक पायरीवर हरली. त्यानंतर भारतात दुसरा सक्तीचा परवाना निघालेला नाही.

मागच्या दारानं

ट्रिप्समध्ये जे मिळालं नाही, ते आता दोन देशांच्या मुक्त व्यापार करारांतून मागितलं जातं. या मागण्यांची नावं इतकी रुक्ष असतात, की वाचणारा पान उलटतो. त्यांतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे चाचण्यांच्या माहितीवरची मक्तेदारी, डेटा एक्सक्लुझिव्हिटी.

जेनेरिक कंपनी, म्हणजे दुसऱ्यानं शोधलेल्या औषधाची स्वस्त नक्कल बनवणारी, पुन्हा हजारो रुग्णांवर चाचण्या करत नाही. आपली गोळी मूळ गोळीसारखीच शरीरात उतरते, एवढं ती दाखवते. औषध सुरक्षित आणि गुणकारी आहे हे मूळ कंपनीच्या चाचण्यांतून नियामकाला आधीच माहीत असतं. ही मक्तेदारी आली, की ठरावीक वर्षं नियामकानं त्या माहितीकडे बोट दाखवायचं नाही. मग जेनेरिकवाल्यानं एक तर त्याच चाचण्या नव्यानं करायच्या, म्हणजे गुणकारी ठरलेलं औषध काही रुग्णांना मुद्दाम नाकारून पुन्हा बघायचं, किंवा गप्प बसायचं. अमेरिकेत ही मुदत नव्या रासायनिक औषधांना पाच वर्षं आणि जैविक औषधांना बारा वर्षं आहे. यातली खरी धार अशी, की ती पेटंटवर अवलंबून नाही. पेटंट नाकारलं तरी ती लागू. सक्तीचा परवाना दिला तरी नियामक नोंदणी करणार नाही. पुढचं दार फोडून आत जावं, तर आत दुसरं दार.

बाकीच्या मागण्या त्याच घरातल्या. मंजुरीत गेलेल्या वर्षांची भरपाई म्हणून पेटंटची मुदत वीस वर्षांपुढे वाढवा. पेटंट जिवंत असेल तर नियामकानं जेनेरिकला मंजुरीच देऊ नये, म्हणजे खाजगी हक्काची राखण सरकारी नोकरानं करावी. २०२० च्या जानेवारीतल्या अमेरिका-चीन करारात अशा तरतुदी आहेत. प्रशांत महासागराभोवतीच्या बारा देशांच्या करारातही होत्या. अमेरिका त्यातून बाहेर पडल्यावर उरलेल्या अकरा देशांनी पहिलं काम केलं ते यातल्या बऱ्याच तरतुदी थंड्या बस्त्यात टाकण्याचं. कुणाच्या हट्टापायी त्या आल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको.

कधी कधी वाटेतही अडवलं जातं. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली रक्तदाबाच्या औषधाची खेप नेदरलँड्सच्या जकात अधिकाऱ्यांनी रोखली. भारतात त्या औषधाला पेटंट नाही, ब्राझीलमध्येही नाही. माल फक्त नेदरलँड्समधून पुढे जात होता आणि पेटंट होतं तिथे. भारत आणि ब्राझील व्यापार संघटनेत गेले, तेव्हा युरोपनं नियम मवाळ केले.

कोविडच्या काळात, २ ऑक्टोबर २०२० ला, भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं ट्रिप्सचे बरेचसे नियम साथीपुरते स्थगित करा असा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये हाती आली ती फक्त लशींपुरती, बरीचशी आधीच असलेल्या सक्तीच्या परवान्यासारखी सवलत. तोवर लशींचा तुटवडा ओसरला होता. त्या प्रस्तावाकडून अपेक्षाही थोड्या जास्त होत्या, हे कबूल करायला हवं. गोळीची नक्कल पेटंटचा कागद वाचून करता येते. लशीचं तसं नाही. पेशी कशा वाढवायच्या, शुद्ध कसं करायचं, हे कारखान्यातल्या माणसांच्या हातात असतं, आणि ते शिकवायला कुणाला पेटंटच्या स्थगितीनं भाग पाडता येत नाही.

सगळंच सरकारं आणि कंपन्या ठरवतात असंही नाही. भारतात पेटंट मिळण्याआधी कुणालाही त्याला लेखी विरोध करता येतो. २०१९ मध्ये क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या क्षाराच्या पेटंटला असा विरोध केला दोन तरुणींनी, एक भारतातली, एक दक्षिण आफ्रिकेतली. दोघी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयातून बऱ्या झालेल्या आणि दोघींची ऐकण्याची शक्ती जुन्या विषारी औषधांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. मंजूर झाला असता, तर मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपल्यावरही मक्तेदारी आणखी काही वर्षं चालली असती.

अलीकडच्या करारांत असे हक्क सरळ काढून घेतले जात नाहीत, ते आवळले जातात. भारत आणि ब्रिटननं २४ जुलै २०२५ ला सही केलेल्या करारात औषधं लोकांपर्यंत पोचवण्याचा उत्तम मार्ग म्हणून कंपनीनं स्वखुशीनं दिलेल्या परवान्यांचं नाव आहे. सक्तीचा परवाना कायद्यात आहे तसाच आहे. फक्त उद्या तो कुणी मागायला गेलं, की समोरचा या वाक्यावर बोट ठेवेल.

आणि एक साधा फॉर्म आहे, क्रमांक २७. पेटंटधारकानं आपला शोध भारतात वापरात आणला का, हे त्यात पेटंट कार्यालयाला सांगायचं असतं; आधी किती माल आणला किंवा बनवला, हेही सांगावं लागे. सोराफेनिबच्या प्रकरणात बायरचेच या फॉर्मवरचे आकडे पुढे आले: २००८ मध्ये औषध भारतात आणलंच नव्हतं, त्यानंतर आणलं ते अगदी थोडं. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत ते पोचत होतं, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि परवान्याचा पाया त्यावर रचला गेला. तेव्हा हा फॉर्म दर वर्षी भरावा लागे. मार्च २०२४ पासून तो तीन वर्षांतून एकदा भरायचा आहे, आणि ब्रिटनबरोबरच्या करारातही तीच तीन वर्षांची मुदत लिहिली गेली आहे.